काठावरची भैरवी

जुन्या लॅपटॉपवर गाण्यांची सीडी राइट करताना ती फेल गेली की सांगलीजवळच्या आष्ट्यात आरोपी ठरलेले असतात. पहिला आरोपी लॅपटॉप, कारण तो म्हातारा आहे आणि उलटून बोलत नाही. दुसरा सीडी विकणारा दुकानदार, कारण तो समोर नाही. तिसरी वीज, ती गेली तरी शिव्या खाते आणि दाब कमीजास्त करत राहिली तरी खाते. सीडी राइट करायला बसलेल्या माणसाचं नाव या यादीत कधीच येत नाही. माझं म्हणणं असं की बहुतेक खटल्यांत खरा गुन्हेगार तोच निघतो, आणि त्याचं हत्यार म्हणजे त्याची मिरवायची हौस. हे मी अधिकाराने लिहितो आहे, कारण ही हौस माझ्याकडे मुबलक आहे. गाण्यांचा क्रम लावणं ही मी कला समजतो. त्या कलेत मला चांगली गती आहे असं एक मत आहे. ते माझंच आहे, दुसरं मागवण्याची गरज अजून वाटलेली नाही.

पुराव्यापासून सुरुवात करू. सीडी फेल गेली हे सगळे सांगतात. कितव्या टक्क्याला गेली असं विचारलं तर ‘लगेचच’ किंवा ‘शेवटी शेवटी’ असं मोघम उत्तर मिळतं. अर्धं निदान त्या आकड्यातच असतं. ग्रामोफोनची तबकडी बाहेरून आत वाजत जाते; सीडी आतून बाहेर लिहिली जाते. मधल्या भोकाजवळ सुरुवात होते आणि १.६ मायक्रोमीटरच्या अंतराने वेढे घेत एकच रेघ काठापर्यंत जाते. ऐंशी मिनिटांच्या सीडीवरची ही रेघ सरळ ताणली तर साडेपाच किलोमीटरच्या आसपास भरते, म्हणजे आष्ट्याहून इस्लामपूरला, आताच्या ईश्वरपूरला, निघालेल्या माणसाची तिसरा हिस्सा वाट झाली. एवढ्या लांबीच्या वाटेवर अपघात नेमका कुठे झाला हे न बघता थेट ‘लॅपटॉप गेला’ असा निकाल देणाऱ्याला कारणाशी देणंघेणं नसतं. त्याला आपल्यावर शेकणार नाही असा आरोपी हवा असतो.

पहिल्या एक-दोन टक्क्यांतच सीडी गेली तर गोष्ट सोपी आहे. लिहायला लागण्याआधी लेझर सीडीच्या अगदी आतल्या पट्ट्यात आपली ताकद अजमावून बघतो, की किती जोर लावला म्हणजे या सीडीचा रंग नीट करपेल. हा अंदाज लागला नाही की ‘पॉवर कॅलिब्रेशन एरर’ येते. बरेचदा ती सीडी कोरीच असते, आणि आपण तिला वाया गेली म्हणून टाकून देतो. अंदाज न लागण्याची कारणं तीन: लेझर थकलेला, सीडी त्याच्या ओळखीची नाही, किंवा भिंग मळलेलं. डेस्कटॉपच्या ड्राइव्हमध्ये भिंग आत असतं. लॅपटॉपच्या ड्राइव्हमध्ये ते ट्रेबरोबरच बाहेर येतं आणि उघड्यावर पडतं. आणि आपल्याकडे ऊस तुटून गेला की फडात पाचट पेटतं. पाचट जाळू नका, सरीत कुजवा, असं सांगून सांगून शेतीतज्ज्ञ थकले. काजळीचे काळे, हलके पापुद्रे वाऱ्यावर तरंगत गावात येतात. ते दोरीवरच्या चादरींवर बसतात, तुळशीकट्ट्यावर बसतात आणि सीडी घालायला उघडून ठेवलेल्या ट्रेमधल्या त्या चार-पाच मिलिमीटरच्या निळसर भिंगावरही बसतात. पापुद्रा उचलायला बोट लावावं तर त्याची पूड होते आणि ती भिंगाला चिकटते. कापसाच्या बोळ्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा एक थेंब घेऊन हलक्या हाताने पुसणं हा यावरचा उपाय. रिवाज मात्र जोरात फुंकर मारायचा आहे, आणि त्या फुंकरीत पाण्याचा अंश किती असतो याची चौकशी कोणी करत नाही.

सीडी मधेच, तीस-चाळीस टक्क्यांवर गेली तर संशय लॅपटॉपवर घ्यायला हरकत नाही. बॅटरी कधीच मेलेली असते, चार्जरची पिन जरा हलली की खेळ खलास. हार्ड डिस्कवर एखाद्या गाण्याची फाइल खराब जागी अडकते. पण इथे एक जुनी समजूत अजून राज्य करते. एके काळी लेझरला माहिती पुरवण्यात कॉम्प्युटर क्षणभर मागे पडला की सीडी मरायची, हे खरं आहे. २००० साली सान्यो कंपनीने यावर तोड काढली: माहिती संपली तर लेझर थांबतो, वाट बघतो आणि सोडलं तिथूनच पुढे लिहू लागतो. पुढे जवळजवळ सगळ्याच ड्राइव्हमध्ये ही सोय आली. तरी सीडी राइट होत असताना घरात संचारबंदी लागतेच. माउसला हात लावू नका, दुसरं काही उघडू नका, जिन्यावरून पळू नका. या संचारबंदीचं तांत्रिक कारण संपलं, तिची गोडी संपलेली नाही. घरातल्या सगळ्यांनी पाच मिनिटं श्वास रोखून आपल्याकडे बघावं असे प्रसंग माझ्यासारख्याच्या वाट्याला येतात किती?

माझा खटला मात्र उभा आहे तो नव्वद टक्क्यांच्या पुढच्या मृत्यूंवर. सीडीचा काठ हा तिचा सगळ्यात नाजूक प्रांत. रंगाचा थर चकती फिरवून पसरवलेला असतो, त्यामुळे काठाशी तो जरा असमान होण्याचा संभव जास्त. चकतीला किंचित पोक असेल तर तो मध्यापाशी जाणवत नाही, काठावर जाणवतो. कव्हरमधून काढताना बोटं लागतात तीही काठाला. त्यात वेग. ड्राइव्हवर ‘२४ एक्स’ लिहिलेलं असतं. चकती एकाच गतीने फिरवणाऱ्या ड्राइव्हमध्ये तो आकडा फक्त काठावर गाठला जातो, आत त्याच्या निम्माही नसतो. काठावर चकती मिनिटाला पाच हजारांच्या घरात फेरे घेत असते आणि थकलेल्या लेझरला याच क्षणी सगळ्यात चपळ राहायचं असतं. आता या धोक्याच्या जागी आपण काय नेऊन ठेवतो? भैरवी. मिरजेच्या इतक्या जवळ राहून भैरवी शेवटी न घेणं म्हणजे जेवणाआधी विडा देणं. म्हणून माझ्यासारखा दर्दी आधी यमन किंवा भूप घेतो, मग नाट्यपदं, मग भावगीतं, एखादा अभंग आणि शेवटी भैरवी. क्रमात खोट काढून दाखवावी. मैफलीत भैरवीची वेळ येते तेव्हा गायकाचा गळा तापलेला असतो. सीडीवर ती येते तेव्हा ड्राइव्ह तापलेला असतो, एवढाच फरक राहून जातो.

बरं, भैरवी काठाच्या थोडी आत तरी राहावी, तर तेही नाही, कारण सीडी काठोकाठ भरल्याशिवाय आम्हाला चैन पडत नाही. ऐंशी मिनिटांच्या सीडीत एकोणऐंशी मिनिटं आणि पन्नासहून जास्त सेकंद बसवले याचा आनंद काही और असतो; बहात्तर मिनिटांवर थांबलेली सीडी बघून यजमानाने ताट अर्धं वाढल्यासारखं वाटतं असं नव्हे, पण आपली हुशारी वाया गेली असं नक्की वाटतं. इथेच ती सुप्रसिद्ध गफलतही होते. सीडीवर ‘७०० एमबी’ छापलेलं असतं, एमपीथ्री गाणं चार-पाच एमबीचं असतं, भागाकार सगळ्यांना येतो आणि उत्तर दीडशे गाणी निघतं. पण फिलिप्स आणि सोनीने १९८० साली ठरवलेल्या मानकाप्रमाणे संगीताच्या सीडीला एमबी कळत नाही, मिनिटं कळतात. दर सेकंदाला, दर चॅनलचे ४४,१०० नमुने, प्रत्येक नमुना १६ बिटांचा. एमपीथ्रीने आवळून बांधलेलं गाणं इथे दहापट फुगतं. मग वीसच गाणी बसतात म्हणून रागावून माणूस ‘डेटा’ सीडी करतो, किंवा विंडोज विचारतं तेव्हा ‘यूएसबी फ्लॅश ड्राइव्हसारखी’ हा पर्याय सोयीचा वाटून निवडतो. ती सीडी लॅपटॉपवर सुरेख वाजते, आणि गाडीतला जुना प्लेअर तिला दोनदा हुंगून बाहेर काढतो. निकाल काय? प्लेअर बिघडला. तसंच त्या दोन सेकंदांचं. एकेक गाणं सुटं लिहायची पद्धत निवडली तर दोन गाण्यांमध्ये सहसा दोन सेकंदांची शांतता पडते. भावगीतांना ते चालतं. विलंबित आणि द्रुत ख्याल दोन वेगळ्या फाइलींत असले की जोडावरच, तबलजी हात उचलत असतानाच, प्लेअर दोन सेकंद मौन पाळतो. पूर्ण सीडी एका दमात लिहायचा पर्याय घेऊन मधला अवकाश शून्य करता येतो. त्यासाठी पर्यायांची यादी वाचावी लागते, आणि ती वाचणं आम्हा जाणकारांना कमीपणाचं वाटतं.

आता सीडीवर लिहिल्या जाणाऱ्या नावांविषयी थोडं. मुद्द्याला हे कितपत धरून आहे ते मागाहून बघू. राइट झालेली सीडी बाहेर आली की माणूस ती आधी वाजवत नाही, तिच्यावर नाव घालतो. ही नावं हा एक स्वतंत्र वाङ्मयप्रकार आहे. ‘जुनी गाणी’ ही मूळ संहिता. मग ‘जुनी गाणी २’, मग ‘जुनी गाणी नवीन’, मग ‘जुनी नवीन मिक्स’. त्यानंतर ‘फायनल’ येते, आणि काही दिवसांनी ‘फायनल खरी’. ‘चालते’ एवढंच नाव असलेली सीडी सहसा चालत नाही. ‘टाकू नये’ असं लिहिलेली सीडी कोणीच टाकत नाही आणि कोणीच वाजवत नाही, अशा रीतीने तिला घरातल्या मोठ्या माणसांचा दर्जा मिळतो. ‘पप्पा’ एवढंच लिहिलेली सीडी पप्पांनी केलेली, पप्पांसाठी केलेली, की पप्पांपासून लपवायची, याचा उलगडा होत नाही. फोटो स्टुडिओवाल्यांची शैली वेगळी: चि. आणि चि. सौ. कां. सहित दोन्ही घराणी, तारीख, मुक्काम, आणि उरलेल्या जागेत स्टुडिओचं नाव सगळ्यांत मोठं. माझ्या पंथातले लोक मात्र नाव देताना साहित्यिक होतात. ‘सांजसूर’, ‘स्वरगंध’, क्वचित ‘कृष्णाकाठ’. हे शेवटचं नाव यशवंतराव चव्हाणांनी आत्मचरित्रासाठी घेऊन ठेवलं आहे याचा आम्हाला संकोच वाटत नाही. आणि खाली हटकून ‘भाग १’. भाग २ निघत नाही, पण भाग १ लिहिल्याशिवाय संग्राहकाचा आब राहत नाही. नावाखाली एक वळणदार रेघ, रेघेखाली तारीख आणि कोपऱ्यात चित्रकाराने करावी तशी सही. हे सगळं बॉलपेनने, दाबून, कारण सीडीवर बॉलपेन नीट उमटत नाही.

आता मुद्दा. सीडीची चमकणारी बाजू आपण जिवापाड जपतो आणि वरची, नावाची बाजू पाटी समजून वापरतो. खरी रचना बरोबर उलटी आहे. चमकणाऱ्या बाजूला माहितीच्या थरावर १.२ मिलिमीटर जाडीचं पॉलिकार्बोनेटचं कवच असतं. शिवाय वाचताना चुका सुधारण्याची जी गणिती सोय केलेली आहे तिच्या जोरावर अडीच मिलिमीटरपर्यंतचा ओरखडाही प्लेअर गिळून टाकतो. नावाच्या बाजूला मात्र माहितीच्या थरावर फक्त काही मायक्रोमीटर जाडीचं वार्निश असतं. बॉलपेनचं टोक तिथे दाबलं की ते थेट गाण्यावर दाबलं जातं. स्टिकर चिकटवला तर चकतीचा तोल जातो, आणि पाच हजार फेऱ्यांना तोल गेलेली चकती काय करते हे ड्राइव्हच्या घरघरीवरून शेजाऱ्यांनाही कळतं. म्हणजे काठापर्यंत सुखरूप पोचलेली भैरवी सुद्धा आपण आपल्या सहीने मारू शकतो. पाण्याच्या शाईचा मऊ मार्कर, तोही शक्यतो मधल्या पारदर्शक कड्यावर, हे सगळ्यात सुरक्षित. त्या कड्यावर ‘स्वरगंध भाग १’ मावत नाही, हीच अडचण. आणि नाव देण्याआधी विचार केलेला बरा. गावाचं नाव बदलायला सरकार आहे. राइट होऊन बंद झालेल्या सीडीतलं एक अक्षर बदलणं कोणत्याही सरकारच्या हातात नाही.

यावर पहिला आक्षेप असा की हे सगळं हौसेवर ढकलणं बरोबर नाही, हल्ली सीडीच वाईट येतात. यात तथ्य आहे. लिहिता येणारी सीडी १९८८ साली बाजारात आणण्याजोगी करून दाखवली ती जपानच्या तैयो युदेन कंपनीने. तिने २०१५ साली हा धंदाच बंद केला. आपल्याकडची मोझर बेअर एके काळी जगातल्या सगळ्यात मोठ्या उत्पादकांत मोजली जायची. २०१८ साली ती अवसायनात गेली. आता स्टेशनरीच्या दुकानात वहीच्या गठ्ठ्यामागून निघते ती सीडी किती उन्हाळे काढून आलेली असते कोण जाणे. शिवाय ड्राइव्हच्या आत एक ओळखपरेड असते. प्रत्येक कोऱ्या सीडीवर तिच्या कुळाचा संकेत आधीच कोरलेला असतो, आणि तो वाचून ड्राइव्ह ठरवतो की लेझर कसा चालवायचा. २००८ सालच्या ड्राइव्हला नंतर जन्मलेली कुळं माहीत नसतात. मग तो अंदाजपंचे काम करतो. म्हणून एका जातीच्या सीडी सारख्या फेल जात असतील तर दुसऱ्या जातीची एक आणून बघावी, आख्खा गठ्ठा नको. वेगही अगदी तळाला नेऊ नये. आजच्या सीडींचा रंग जास्त वेगासाठी बेतलेला असतो, ४ एक्सवर तो नीट करपत नाही; लॅपटॉपला ८ किंवा १६ एक्स मानवतं. एवढं करून भागलं तर हौस निर्दोष. पण वाईट सीडी कुठेही मरते, सुरुवातीला मरते, मध्येही मरते. दर वेळी शेवटच्याच गाण्याला मरणारी सीडी जातीने वाईट असते हे मला पटत नाही.

दुसरा आक्षेप, लॅपटॉप फेकून द्या. देऊ, पण नव्या लॅपटॉपला सीडीची फटच नसते. ॲपलने २००८ साली मॅकबुक एअर आणला तेव्हा ती काढली आणि मग बाकीच्यांनीही काढली. शिवाय म्हातारा ड्राइव्ह सगळाच्या सगळा मरत नाही. त्यात सीडीसाठी ७८० नॅनोमीटरचा आणि डीव्हीडीसाठी ६५० नॅनोमीटरचा असे दोन लेझर असतात. डीव्हीडी राइट होते आणि सीडी होत नाही, या गोष्टीला घरोघरी भुताटकी समजतात. एक लेझर गेला आणि दुसरा राहिला एवढंच त्यात असतं. आणि लिहायला जितका जोर लागतो त्यामानाने वाचायला फारच थोडा लागतो. लिहिण्यातून निवृत्त झालेला ड्राइव्ह पुढे कित्येक वर्षं वाचू शकतो. ही गोष्ट लक्षात ठेवावी, पुढे तिचं काम आहे.

तिसरा आक्षेप घेणारे सगळ्यात शहाणे. ते म्हणतात, पेनड्राइव्ह घ्या. ऊस हंगामात दोन-दोन ट्रॉल्या ओढत, आपल्याआधी आपला आवाज पुढे पाठवत कारखान्याकडे निघालेल्या ट्रॅक्टरवर कोणी सीडी लावत नाही. त्या हादऱ्यांत लेझरची वाट पहिल्याच खड्ड्यात चुकेल. त्या आवाजावर बंदी घालायच्या सूचना निघतात, त्या रास्तही आहेत, मागून येणाऱ्याचा हॉर्न त्यात बुडतो. पण पहाटे तीनला वजनाच्या रांगेत उभं राहून परत फडाकडे निघालेल्या ड्रायव्हरला जागं ठेवायला दुसरं कोण असतं हेही विचारलं पाहिजे. ट्रॅक्टरसाठी पेनड्राइव्ह, हे मी बिनशर्त मान्य करतो. पण पेनड्राइव्हवर क्रम राहत नाही. कित्येक प्लेअर गाणी ज्या क्रमाने कॉपी झाली त्या क्रमाने वाजवतात, काही नावाच्या बाराखडीने, आणि भैरवी तिसरीच निघते. दुसरं असं की पेनड्राइव्ह देताना ‘तेवढा परत द्या हं’ असं म्हटलं जातं. सत्तरी गाठलेल्या काकांना सीडी कायमची देता येते. पेनड्राइव्ह कायमचा द्यायला आपला जीव होत नाही. राहिला कारवाँ. सारेगामाने २०१७ साली पाच हजार गाणी भरलेला तो रेडिओच्या तोंडवळ्याचा डबा काढला, आणि ज्यांच्यासाठी आम्ही सीडी करायचो ती मंडळी एका रात्रीत आमच्या हातून गेली. बटण फिरवलं की गाणं, एवढंच त्यांना हवं होतं. त्या डब्यात पाच हजार गाणी आहेत आणि निवड माझी नाही, हा त्यातला एकमेव गंभीर दोष आहे. तो काकांच्या लक्षात येत नाही.

इथवर गाण्यांचं चाललं होतं तोवर गंमत होती, कारण गाणी दुसरीकडे सापडतात. यमन कुठे जात नाही. पण आष्ट्यातल्या, वाळवा तालुक्यातल्या आणि कुठल्याही गावातल्या कपाटांमध्ये लग्नाच्या अल्बमखाली ज्या चकत्या पडल्या आहेत त्यांची दुसरी प्रत कुठेच नाही. लग्नं, बारशी, भावईचा उत्सव, गणपतीची मिरवणूक, कुणाची एकसष्टी. कंपनीत तयार झालेल्या सीडीत खळगे साच्यातून ठसवलेले असतात. घरी किंवा स्टुडिओत राइट केलेल्या चकतीत फक्त रंग करपलेला असतो, आणि रंग उतरतो. उन्हाने उतरतो, पत्र्याखालच्या उष्म्याने उतरतो, काही चकत्यांत कपाटाच्या अंधारातही उतरतो. त्यात कॅमेऱ्याकडे बघून लाजत उखाणा घेणारी जी बाई आहे ती आज नाही. हळद दळताना जिने ओवी म्हटली तिचा आवाज दुसऱ्या कशातही नाही. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, त्यातल्या कितीतरी आवाजासकट जपल्या गेल्या. प्रत्येक घरची आजी त्यांच्या वहीत येणं शक्य नव्हतं. ते काम ज्या त्या घराचं होतं, आणि ज्या त्या घराने ‘बघू कधीतरी’ म्हणून चकती टाइमपास गाण्यांच्या गठ्ठ्यात ठेवून दिली. या ‘बघू कधीतरी’चा मला खराखुरा राग आहे. तेव्हा तो निवृत्त लॅपटॉप भंगारात घालण्याआधी कपाट रिकामं करावं. एका ड्राइव्हने नाकारलेली चकती दुसरा कधी कधी वाचतो. शेजाऱ्याचाही म्हातारा मागून आणावा. काठाकडचा भाग आधी जातो, म्हणजे चित्रणाचा शेवट आधी जातो. जेवढं निघेल तेवढं काढून दोन ठिकाणी ठेवावं.

याच भागातलं टिकून राहिलेल्या गाण्याचं उदाहरण समोर आहे म्हणून हा राग जास्त येतो. अब्दुल करीम खाँ १९३७ साली प्रवासात गेले. मिरजेला दर्ग्याच्या आवारात त्यांना पुरलं, आणि उरसात आजही गवई तिथे हजेरी लावतात. त्यांच्या गाण्याच्या तबकड्यांची एकेक बाजू तीन-साडेतीन मिनिटांची. तेवढ्यात ते भैरवीतली ठुमरी मांडून मोकळे होतात, आणि सुईने घासून घासून सुद्धा ती आपल्यापर्यंत पोचली आहे. गदगला त्यांची तबकडी ऐकून लहानगे भीमसेन जोशी गाणं शिकायला घर सोडून निघाले. माझी एकोणऐंशी मिनिटं पन्नास सेकंदांची सीडी ऐकून अजून कोणी घर सोडलेलं नाही. गाडीतून ठरल्या ठिकाणाच्या अलीकडेच उतरून घेतल्याचं कोणी सांगितलं तर मात्र मी ते खोटं म्हणणार नाही.

आता उरला दर्दी मंडळींचा आक्षेप, आणि तो मला सगळ्यात जड जातो, कारण तो माझाच आहे. काठाच्या धोक्यातून वाचवायला भैरवी क्रमात वर घेतली तर मैफलीचा शिष्टाचार मोडतो. भैरवीनंतर यमन लावणाऱ्याला मिरजेत कोणी पाणी विचारणार नाही. मान्य. पण सीडी मैफलीत वाजत नाही, गाडीत वाजते. आष्टा ते सांगली वीस-बावीस किलोमीटर, फार तर पाऊण तास. सांगलीवाडी ओलांडेपर्यंत ऐंशी मिनिटांची सीडी कशीबशी निम्मी होते. गाडी बंद केली की बरेच जुने प्लेअर कुठवर आलो होतो ते विसरतात आणि परतीच्या वाटेवर पुन्हा पहिल्या गाण्यापासून सुरुवात करतात. म्हणजे काठावरची भैरवी नीट राइट झाली, तिच्यावर सही पडली नाही, प्लेअरने तिला हुंगून बाहेर काढलं नाही, तरी आष्टा-सांगली ये-जा करणाऱ्या माणसाला ती ऐकायला मिळायची तर त्याला सांगलीत न थांबता मिरज टाकून पंढरपूरचा रस्ता धरावा लागेल. तिसऱ्या क्रमांकावर घेतली तर वाटेवरचं तुंग मागे पडायच्या आत ती ऐकून होते, आणि पुढे दिग्रजपर्यंत नाट्यपदांना भरपूर वेळ उरतो.